पूड दाबू नये

माझा हात सुबक आहे, असं सगळे म्हणायचे. तेच मला नडलं.

कोल्हापुरात पीएच.डी. करत होते तेव्हा माझ्या वाट्याला एक पिवळट पूड आली होती. पदार्थ मीच बनवलेला. त्याच्या आत अणू कसे रचलेत, ते शोधायचं होतं. मोठा स्फटिक मिळाला असता तर काम सोपं झालं असतं, पण तो काही केल्या वाढेना. मग पुडीवर एक्स-रे सोडायचे, आलेखावर उमटलेली टोकं बघायची आणि कुठलं टोक कुठे, किती उंच, यावरून आतली रचना ओळखायची. दोन वर्षं मी तेच करत होते. टोकं जागेवर यायची, पण त्यांची उंची गणितातून येणाऱ्या उंचीशी जुळायची नाही. ही रचना सुटल्याशिवाय माझा पहिला पेपर निघणार नव्हता. इकडे शिवाजी पेठेत शेजारणी आईला विचारायच्या, "अजून शिकतीयाच व्हय पोरगी?"

अशात आमच्या प्रयोगशाळेत ती आली, पीएच.डी.लाच. पेठ वडगावकडची, शेतकऱ्याघरची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. डब्यातली भाकरी आणि ठेचा सगळ्यांना वाटायची. पंधरा दिवसांत आमच्या गाइड सरांसकट सगळी प्रयोगशाळा तिची झाली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचाराल तर तेव्हा काहीच नव्हतं, नंतर मिळालं.

एका दुपारी मी एक्स-रे यंत्रात ठेवायच्या होल्डरच्या खाचेत पूड भरून वरून काचेनं दाबत होते. माझा थर आरशासारखा गुळगुळीत व्हायचा. सर इतरांना बोलावून दाखवायचे. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"ताई, एवढं चापून बसवू नका की," ती म्हणाली. "कण चपटे हायत. मापात पोहे दाबून भरलं की सगळे आडवेच पडत्यात, तसं होत असंल."

चपटे कण एकाच अंगावर पडले की काही टोकं उगीच उंच होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही; एम.एस्सी.च्या परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण ते मला तिनं सांगावं? मी म्हटलं, आधी स्वतःचं काम बघ. आणि त्या दिवसापासून पूड आणखीच जोरानं दाबायला लागले. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पुढच्या महिन्यात मी चुलतबहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले, तेव्हा सरांनी तिला म्हटलं, एकदा तू नमुना लावून बघ. तिनं माझीच पूड घेतली, बारीक चाळणीतून होल्डरवर भुरभुरवली आणि दाबलीच नाही. मी परत आले तेव्हा उंची जुळायला लागली होती. महिनाभरात पूर्ण रचना तिच्या कॉम्प्युटरवर गरागरा फिरत होती.

पेपरवर तिचं नाव पहिलं आलं, माझं दुसरं. तिनं शाहूपुरीतून पेढे आणले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "पूड तर तुमचीच हाय की, ताई." ती मनापासून बोलत होती, हे कळत होतं म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुजकट बोलली असती तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. पेढा मी पर्समध्ये ठेवला आणि घरी जाऊन कुणालाच दिला नाही.

आता मी कॉलेजात शिकवते. प्रॅक्टिकलला पहिली सूचना ठरलेली असते: पूड दाबू नका, पोहे आठवा. मुलं हसतात, पण विसरत नाहीत. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे पोह्यांचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं असंच," मी म्हटलं.

इतकी वर्षं झाली, तिचं नाव माझ्या तोंडून निघत नाही. इथंही निघालं नाही.