गव्हाणीचा फोटो

छंदावर पोट भरता आलं म्हणून लोक माझं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

दुष्काळात शिरूर कासारजवळ एका सहकारी संस्थेच्या चारा छावणीत मी कॅमेरा घेऊन गेलो होतो. दोन बैल घेऊन तिथं राहिलेल्या बाईंना म्हटलं, “मावशी, गव्हाणीतला चारा जरा बाजूला काढा.”

“कावून रं? बैल उपाशी दिसाया पायजेत व्हय?” त्या हसल्या, पण चारा काढला.

फोटो पहिल्या पानावर आला आणि मला वर्तमानपत्रात नोकरी मिळाली. बदनामी झाली म्हणून संस्थेनं मावशींचे बैल छावणीबाहेर काढले. चारा मीच काढायला लावला, एवढं कबूल केलं असतं तर बैल परत घेतले असते. माझी नोकरी गेली असती.

मी कामावर रुजू झालो.