अंबाडीची माती

मला झाडांची हौस आहे म्हणून मी माती कालवायला लागलो, असं माझी बायको पाहुण्यांना सांगायची. खोटं आहे ते. माझे हात शिवशिवायचे. ज्यांना बडवावंसं वाटायचं त्यांना बडवता येत नव्हतं, म्हणून मी मातीला धरलं.

वर्ल्डकपच्या आधीची ती वर्षं. दोह्यात एक रस्ता धड राहिला नव्हता, आणि मी रस्त्याच्या खोदाईवर इंजिनिअर होतो. पहाटे पाचपासून खडक फोडणारी मशिनं कानाशी धडधडायची, वरून ऊन, समोर कन्सल्टंट, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, यल्ला, म्हणजे चला, आटपा. माझं डोकं मुळातच तापट. एकदा साइटवर वॉकी-टॉकी दगडावर आपटून त्याचे तुकडे केले आणि वॉर्निंग लेटर खिशात घालून घरी आलो. पण मुलगी झाली त्या दिवशी मी बायकोपुढं शपथ घेतली होती, की घरात हात उचलायचा नाही. तिनंच ती घ्यायला लावली होती. तिनं माझ्या वडिलांना पाहिलं होतं.

वडील नांदेडकडच्या आमच्या गावात मास्तर होते. मारायला त्यांना कारण लागत नसे. छडी, चप्पल, बैलाचा कासरा, जे हाताला येईल ते. पुढं पुढं तर त्यांनी खुंटीवरची टोपी काढायला हात वर केला, तरी आम्ही दोघे भाऊ डोकं खाली घालून कोपर वर धरायचो. ते टोपी घालून शाळेला निघून जायचे आणि आम्ही तसेच उभे असायचो. हे सगळं मी बायकोला सांगितलं होतं. म्हटलं होतं, माझी पोरगी माझ्यासमोर कधी अशी वाकली, तर समज मी मेलो. अकरा वर्षं मी शपथ पाळली. पाळली म्हणजे मारलं नाही. ओरडायचो मात्र घर डोक्यावर घेऊन.

अल गराफा वस्तीतल्या एका जुन्या व्हिलाचे मालकानं सहा भाग पाडून भाड्यानं दिले होते, त्यातला एक आमचा. मागं भिंतीलगत थोडी मोकळी जागा होती. जमीन कसली, नुसती चुनखडी. पहार मारली की ठिणगी उडायची. कंपाउंडचा वॉचमन बांगलादेशातला, सिल्हेटकडचा होता, पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावणारा. मूळचा शेतकरी. ‘इथं जमिनीशी भांडू नका साहेब, माती आपण बनवायची,’ असं त्यानं मला त्याच्या हिंदीत सांगितलं, आणि शेजारी पाडलेल्या व्हिलातला एक तडकलेला बाथटब ओढत आणून दिला. माझा राग त्या टबात जिरायला लागला.

शुक्रवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मागं असायचो. त्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं शहराबाहेरच्या फार्मवरून बकरीच्या लेंड्या यायच्या. त्या तीन पाण्यांनी धुवायच्या, नाहीतर खारानं मुळं जळतात. कोळंबीची टरफलं आणि माशांची मुंडकी मी गच्चीवर वाळवायचो, मग गोणपाटात बांधून लोखंडी सळीनं झोडायचो. हाडं भाजून कुटायचो. गावाकडून बॅगेत आणलेली निंबोळी पेंड मुठीनं चुरायची, नारळाच्या भुशाच्या विटा पाण्यात फुगवून फाडायच्या, धुतलेली रेती घालायची, वरून ताक आणि गुळाचं पाणी. मग फावडं. एक फावडं कन्सल्टंटच्या नावानं, एक प्रोजेक्ट मॅनेजरच्या, आणि सगळ्यात जोराचं कुणाच्या, ते मी बोलत नसे. घाम डोळ्यांत जायचा, तळहाताला फोड येऊन फुटायचे, आणि मला बरं वाटायचं.

“साहब, धीरे,” वॉचमन हसायचा. “मिट्टी है, दुश्मन नहीं.”

ओल्या गोणपाटाखाली माती दीड-दोन महिने मुरायची. पहिल्या दिवसांत आत हात घातला तर पोळायचा, इतकी ती आतून तापायची. शेवटी काळी, भुसभुशीत झाली की तिचा वास घ्यायला मी बायकोला हात धरून बाहेर आणायचो. ती नाक दाबून यायची, पण यायची.

मला त्या मातीत अंबाडी लावायची होती. दुकानात लाल देठाची मिळते, ती नव्हे. आमच्याकडची हिरवी, आंबट, जिच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतायची आणि ज्वारीच्या भाकरीशी खायची ती. बायकोनं माहेरून बी आणलं. निळी पिंपं अर्धी कापून त्यांत ही माती भरली आणि पावसाळा नसलेल्या त्या देशात ऑक्टोबरला पेरणी केली. डिसेंबरपर्यंत अंबाडी माझ्या खांद्याला लागली.

ज्यांनी अंबाडी शेतात पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. कोवळी असते तेव्हा पान साधं असतं. मोठी झाली की पानाला पाच बोटं फुटतात, कडेला करवतीचे दाते. थेट गांजाचं पान. गावाकडे कुणाला त्याचं काही वाटत नाही. आपण कतारमध्ये पाच बोटांच्या पानांचं हिरवंगार रान भिंतीलगत वाढवतोय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. माझ्या लेखी ती भाजी होती.

वॉचमनच्या डोक्यात आलं होतं. “साहब, इसको काट दो,” तो म्हणाला. “गांजा लगता है. कोई शुर्ता को फोन कर देगा.” शुर्ता म्हणजे पोलीस.

“हाथ लगाया तो हाथ तोड़ दूँगा,” मी म्हणालो. त्याला ती थट्टा वाटली. मलाही तेव्हा थट्टाच वाटली होती.

त्याच आठवड्यात मुलगी शाळेतून आली ती थेट मागं जाऊन पिंपांसमोर उभी राहिली. शाळेत कुणीतरी व्यसनांवर बोलायला आलं होतं, पडद्यावर पानं दाखवली होती. ती घरात मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. “बाबा, इज धिस लीगल?” तिनं विचारलं. मी नुकताच साइटवरून आलो होतो, दिवसभर शिव्या खाऊन. माझं टाळकं सटकलं. “भाजी आहे ती, भाजी! खाऊन मोठे झालो आम्ही!” असं ओरडत मी हातातली झारी भिंतीवर भिरकावली. झारी फुटली. ती आत निघून गेली. मी तिला मारलं नाही, एवढ्यावर मी खूश होतो.

शुक्रवारी अंबाडी खुडायची होती. बायकोनं ज्वारीचं पीठ काढून ठेवलं होतं. सात वाजता मी विळा घेऊन मागं गेलो, तर पिंपं रिकामी. एक आडवं पडलेलं. दीड वर्ष खपून केलेली माती फरशीवर पसरलेली, त्यात तुटलेली मुळं. आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यापाशी वॉचमन, हातात काळी पिशवी, पिशवीतून अंबाडीचे शेंडे बाहेर आलेले.

मी त्याला काही विचारलं नाही. डोळ्यांत रक्त उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खरोखर कडेचं काही दिसत नाही. भिंतीला फावडं टेकवलेलं होतं. मी ते उलटं धरलं आणि दांडा त्याच्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. “साहब, मैं नहीं,” म्हणत त्यानं डोकं वाचवायला हात वर केला आणि दुसरा फटका मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, कोंबडीचा पाय मोडताना येतो तसाच. तरी मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मजा येत होती. इतक्या वर्षांनी समोर माती नव्हती, माणूस होता. मी तिसऱ्यांदा दांडा उचलला.

“बाबा, मी उपटलं!”

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, नखांत माती.

“त्यांनी नाही, मी उपटलं. पोलीस तुम्हाला नेतील म्हणून.”

इतकं सलग मराठी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. पहाटे उठून एकटीनं तिनं ते सगळं उपटलं होतं आणि पिशवीत कोंबून डब्यापाशी ठेवलं होतं. वॉचमन फक्त पिशवी आत टाकत होता. बायको धावत आली, तिनं माझ्या हातातला दांडा हिसकावून घेतला आणि “काय करून बसलाव हो तुम्ही!” म्हणत मटकन खाली बसली.

मीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, कसं लागलं? हात मोडलेला, खांदा निळा पडलेला, आणि मी शेजारी उभा. वॉचमन म्हणाला, शिडीवरून पडलो. त्यानं मला माफ केलं असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. पोलिसांची भानगड झाली तर माझ्या आधी त्यालाच कामावरून काढून त्याच्या देशात परत धाडतील, हे त्याला पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी त्याला खोटं बोलू दिलं. त्या फटक्यांपेक्षा या गोष्टीची मला जास्त लाज वाटते.

प्लास्टर निघायच्या आधीच त्यानं मालकाला सांगून नजमा भागातल्या दुसऱ्या बिल्डिंगवर बदली मागून घेतली. मी एकदा भेटायला गेलो. त्यानं खुर्ची दिली, डाव्या हातानं चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. बोलताना तो सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. मी ते टेबलाखाली घेतले.

माती मी गोळा करून टबात भरली, पण पुन्हा काही पेरलं नाही. पाणी न मिळाल्यानं ती आकसून दगडासारखी झाली.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. मुलगी ओट्याशी पाणी पीत उभी होती. वरच्या फळीवर ज्वारीच्या पिठाचा डबा होता, तो काढायला मी हात वर केला. तिनं झटकन डोकं खाली घातलं आणि कोपर वर धरलं. ग्लासातलं पाणी तिच्या फ्रॉकवर आणि फरशीवर सांडलं.

मी डबा खाली घेतला.

“सॉरी, बाबा,” ती म्हणाली, आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेली.