हारुएच्या चाहत्यांमधली इला

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आमच्या शेजारी राहणाऱ्या शोभाकाकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण हारुएनं आज काय केलं, हे त्यांना सकाळच्या चहाआधी ठाऊक असतं. हारुए ही जपानची निवृत्त खेळाडू. गुडघ्यानं दगा दिला म्हणून तिनं खेळ सोडला आणि आता परसातल्या मुळ्यांना पाणी घालता घालता पायावर चेंडू खेळवते. लोक तिचे व्हिडिओ वेड्यासारखे पाहतात. काकूंना त्या चेंडूशी काही देणंघेणं नाही. खालच्या कॉमेंट्समध्ये त्यांची इला असते.

इला त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजच्या टीमची गोलकीपर. दोन वर्षांपूर्वी तिचाही गुडघा गेला. हॉस्पिटलातून आणताना काकू गाडीत म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं. आता तरी स्टडीजवर फोकस करशील."

महिन्याभरात इला कुबड्या घेऊन घर सोडून गेली, नंबर बदलला, आईबापांना सगळीकडून ब्लॉक केलं. काकूंचा मला रागच येतो. पण दार उघडताना त्यांचा चेहरा दिसला की तो गिळावा लागतो.

इला हारुएला लिहिते, हे मलाच दिसलं आणि काकूंना खोट्या नावाचं अकाउंटही मीच काढून दिलं. तेव्हा एका व्हिडिओला शे-दीडशे कॉमेंट्स असत. आज जिना चढले. आज थोडी पळाले. इलाच्या एवढ्याशा ओळीवर काकूंचा दिवस निघायचा. मग हारुए जगभर गाजली. चाळीस-चाळीस हजार कॉमेंट्स! काकू डोळे फोडत सगळ्या चाळायच्या.

"अगं, या बाईला जरा कमी लोकांनी बघितलं तर काय बिघडेल?" असं म्हणून एकदा माझ्यासमोर ढसाढसा रडल्या.

मार्चमध्ये त्या गर्दीत इलाची कॉमेंट सापडली. तिनं लिहिलं होतं, आज काहीच नकोसं वाटतंय. काकूंचा धीर सुटला. मला न विचारता त्यांनी त्याखाली मराठीत लिहून टाकलं, "इलू, जेवलीस का?"

भाषांतराचं बटण दाबून लोकांनी ते वाचलं आणि उत्तरं धडाधड येऊ लागली. जेवलो, आई. भात खाल्ला, आई. ब्राझीलहून, केनियाहून, कुठून कुठून. चार दिवसांत अकरा हजार. त्यात इला असेल म्हणून काकू एकेक वाचत होत्या. इलाच्या बाबांनी, गुरुनाथकाकांनी, समोर ठेवलेलं ताट तसंच गार व्हायचं.

पाचव्या दिवशी सगळंच गायब. इलाची कॉमेंट नाहीशी झाली आणि तिच्याखालची अकरा हजार उत्तरंही गेली.

"डिलीट केलं म्हणजे तिनं वाचलं," काकू माझा हात धरून म्हणाल्या. "वाचलं ना गं?"

"हो काकू, वाचलं."

इलाचं अकाउंटच बंद झालंय, हे मी त्याच दिवशी पाहिलं. ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. आज हारुएनं नवा व्हिडिओ टाकलाय, बावन्न हजार कॉमेंट्स आहेत. काकू पहिलीपासून वाचत बसल्या आहेत.