त्रासन खातं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मधे परात, मी खुर्चीवर आणि ती पाटावर. माझ्या बोटांत आता जोर नाही, दोन वाल सोलले की एक मोडतो. "अहो, आमटी करायचीय, पीठ नाही पाडायचं," ती म्हणाली. मग पदराला हात पुसून जरा पडते म्हणाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही.

त्यानंतर माणसं येत राहिली. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आल्या, आता त्याही म्हाताऱ्या. हायस्कुलात इंग्रजी शिकवायची ना ती, रिटायर होईपर्यंत. सगळ्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काका, त्या काळात तुम्ही बाईंना शिकवलंत, केवढी मोठी गोष्ट." मी मान हलवायचो. पण हे खरं नाही. मी चौथी पास. मी काय शिकवणार तिला? मी फक्त एक गोष्ट सांगायची होती ती सांगितली नाही. ते कसं झालं तेवढं लिहून ठेवतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागला आमची चाळीतली एक खोली. मी, माझी आई आणि ही. मी गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे. ही गावाकडून फायनल पास होऊन आलेली. फायनल म्हणजे सातवी. त्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे शिक्षण पुष्कळ, पण इंग्रजीतला ए कसा काढतात ते ठाऊक नाही. गिरगावात मोठ्या बायकांसाठी दुपारची शाळा होती. तिथे आठवीत बसायचं, असं तिच्या मनाने घेतलं. स्वयंपाकपाणी उरकून ट्रामने जायची, दिवेलागणीच्या आत परत.

शेजारी सायजिंग खात्यातले, म्हणजे सुताला खळ लावतात तिथले, एक काका राहायचे. गॅलरीत बसून पेपर वाचत असत. ते तिची फार थट्टा करायचे. "काय गं सूनबाई, सकाळी मोर्चात मुंबई आमची म्हणून ओरडतेस नि दुपारी इंग्रजी घोकतेस. तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"काका, मुंबई मिळाली तरी हपिसातले कागद इंग्रजीच असणार. वाचून कोण दाखवणार तुम्हाला?"

"बघ, बघ. जीभ आधीच इंग्रजी झाली."

शिकलेलं सगळं ती घरी येऊन मोठ्याने सांगायची. एकदा म्हणाली, सुरीच्या इंग्रजी शब्दात पुढे एक अक्षर असतं, ते लिहायचं पण बोलायचं नाही. मी म्हटलं, "मग लिहायचं कशाला?" ती म्हणाली, "बाई सांगतात, पूर्वी ते बोलायचं. आता गप्प झालंय. पण म्हणून त्याला कुणी हाकलत नाही."

आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "म्हणजे म्हातारा झाला ता. काम नाय, पण घरातसून काडूचा नाय."

आम्ही हसलो. पण मला रात्रभर ते अक्षर दिसत होतं, पंगतीत पुढच्या पाटावर बसलेलं, तोंड मिटून. असली भाषा असते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं इंग्रजी म्हणजे साहेबाची शिवी आणि पगाराच्या दिवसाची पाटी.

शाळा पुरे, हे आईचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. तिचे गुडघे धरले होते. पहाटे नळाला रांग, पाणी खालून वर आणायचं, ते एकट्या हिच्यावर. मग डबे, मग धुणं. त्यातून शाळा. दोनदा जिन्यात चक्कर येऊन बसली होती. आई मला म्हणाली, "दिवाळेपर्यंत शिकांदे, मगे पुरे. तुका सांगूक जमणा नसात तर मी सांगतंय." मी म्हटलं, "मीच सांगतो." दिवाळी तोंडावर आली. रोज ठरवायचो, रोज राहायचं. एका दिवशी आईने सकाळीच बजावलं, "आज सांग." मी हो म्हटलं. पाळी सुटल्यावर घरी येऊन बसलो आणि वाक्य जुळवत राहिलो.

ती आली ती चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अहो, तुमचं खातं कुठलं?"

"डोकं फिरलं काय? त्रासन."

"त्रासन का म्हणतात?"

गॅलरीतून काका म्हणाले, "अगं, त्रास देतं म्हणून त्रासन. कापूस नाकात, गोंगाट कानात. दुसरं काय म्हणणार, सुखासन?"

आम्हाला सगळ्यांना तसंच वाटायचं. खात्यातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. त्रास आहे म्हणून त्रासन. तो शब्द मराठीच नाही, असं आमच्या बापजाद्यांच्याही डोक्यात आलं नसेल.

ती खाली बसली. पुस्तकात एक कविता आहे म्हणाली, वसंतातल्या रानाची. त्यात एक शब्द आला, थ्रॉसल. हिला ऐकू आलं त्रासन. बाईंनी विचारलं, कुणाला ठाऊक आहे? साऱ्या वर्गात हिचा एकटीचा हात वर. "बाई, ते गिरणीतलं खातं. आमच्या घरचे तिथेच कामाला आहेत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मागची एक म्हणाली, झाडावर बसलंय की गं तुझं खातं, पालवी फुटलेल्या फांदीवर! सगळा वर्ग हसला. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं."

"नि बाई?"

त्या बाई खोताच्या वाडीत राहायच्या. ख्रिस्ती, फ्रॉक घालणाऱ्या, घरात मराठीच बोलायच्या पण त्यांची मराठी आपल्याहून निराळी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा." कपाटातला जाडा शब्दकोश आणला, बोट फिरवत गेल्या आणि मोठ्याने वाचलं. थ्रॉसल म्हणजे एक गाणारा पक्षी. आणि खाली दुसरा अर्थ, सूत कातायचं यंत्र. यंत्राला ते नाव पडलं, कारण ते चालू झालं की त्या पक्ष्यासारखा आवाज येतो.

"बाई म्हणाल्या, हिचं बरोबर आहे. कवितेत पक्षी आहे, पण हिचंही बरोबर आहे. नि हसणाऱ्यांनी दोन्ही अर्थ पाच-पाच वेळा लिहून आणा."

काका पेपर ठेवून दारात आले. "पक्षी? त्रासन खातं? अगं, मी त्या खात्यातून रोज जातो. गाढव म्हणालीस तर पटेल."

"पुस्तकात आहे, काका."

माझा बाप त्या खात्यात बहिरा झाला. मी आत शिरलो की कान बंद करून घ्यायचो, आतून. तिथे बोलणं हातवाऱ्यांनी. आणि समुद्रापलीकडे कुठल्यातरी गावात, कधी काळी, ते यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कुणा माणसाला पाखरू आठवलं. तो कामगारच असणार. शेठला कुठे पाखरू आठवतंय? तो शब्द बोटीतून यंत्राबरोबर मुंबईला उतरला. आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही तो आम्हाला कळेल असा करून घेतला. पाखराचा त्रास केला. आणि तो इतकी वर्षं आमच्या तोंडात होता, रोज, शिव्यांच्या बरोबरीने. कुणालाच माहीत नव्हतं. हिने शाळेत हात वर केला नसता तर मला मरेपर्यंत कळलं नसतं.

आईने कोपर मारलं. "सांग मां तिका."

"काय सांगायचंय?" हिने विचारलं. माझ्याकडे बघत राहिली. तिला वास लागलाच होता. चेहरा हळूहळू उतरायला लागला. हातातलं पुस्तक तिने छातीशी धरलं होतं, कुणी काढून घेईल तसं.

मी म्हटलं, "तो पक्षी दिसतो कसा?"

तिने पुस्तक मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तपकिरी. छातीवर ठिपके. बाईंनी चित्र दाखवलं. त्यांनीही खरा बघितलेला नाही."

"पुढच्या कवितेत काय आहे?"

"अजून कुठे शिकवलीय? दिवाळीनंतर घेणार."

"बरं," मी म्हटलं. "आली की सांग."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि पाणी कोण भरतला?"

उत्तर सकाळी द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठायच्या आत मी कळशी आणि हंडा घेऊन खाली नळावर गेलो. रांगेत सगळ्या बायका. एक म्हणाली, "काय भावजी, मुंबई अजून मिळायचीय नि तुमच्या घरात राज्य बदललंसुद्धा?" दुसरी म्हणाली, "बायको मडम झाली, आता हे बटलर." मी म्हटलं, "हंडा पुढे सरकवा." चार खेपा केल्या. आईने दारात उभं राहून बघितलं. त्या दिवशी चहा तिने स्वतः केला.

पाळीला नेहमीपेक्षा लवकर गेलो. खातं अजून बंद होतं. यंत्रांच्या मधल्या वाटेत जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला, चाकं हलली. कान बंद केले नाहीत. गोंगाट व्हायच्या आधी थोडा वेळ, खरोखर थोडाच वेळ, सूत गुंडाळणाऱ्या चात्यांमधून एक बारीक शीळ उठली. एकीकडून दुसरीकडे पसरत गेली. मग बाकी सगळं तिच्यावर चढलं. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, समोर येऊन हातवारे करायला लागला, कामाला लाग म्हणून. मी हाताने त्याला थांब म्हटलं आणि तसाच ऐकत उभा राहिलो.