मुळेबाईंचे हौद आणि आपली संस्था

प्राध्यापक शकुंतला मुळे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते दत्ताची राख सावडून परत येताना, चारा छावणीच्या फाटकापाशी.

दत्ता माझा धाकटा भाऊ. दुष्काळाचे वर्ष होते. आपल्या दूध संस्थेने माळावर छावणी चालवली होती आणि आमची जनावरे घेऊन तो तिथेच राहत होता. दिवस मावळल्यावर त्याने चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्यांच्या, ढिगात हात घातला आणि घोणस चावली. छावणीत दिवा नव्हता. लोकांनी त्याला जीपमध्ये घातले. पण जीप अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे न जाता विष उतरवायला आधी देवळात गेली. मी तेव्हा तलवाड्याच्या शाळेत शिक्षक होतो; निरोप मिळून येईपर्यंत सगळे आटोपले होते. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "सरळ इकडं आणायचं होतं."

फाटकावर एक मेलेला साप लटकवला होता. भोवती गर्दी. छावणीचा मॅनेजर सगळ्यांना सांगत होता, "हाच बगा, ह्यानंच डसलं दत्ताला. आमी सोडला न्हाई त्याला."

सुती साडीतल्या एक बाई गर्दीतून पुढे आल्या. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. साप चावून कोणी गेल्याचे कळले की त्या गावात जाऊन लोकांशी बोलायचे, ही त्यांची रीत. त्यांनी सापाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ही धामण हाय. हिला विषच नसतं. जीप देवळाकडं कोनी वळवली, ते सांगा."

मॅनेजर म्हणाला, "बाई, झालं ते झालं. दुखवट्यात कावून भांडण काढता?"

"ही धामण का मारली, ते तरी सांगा मग."

जे मला विचारता आले नव्हते ते एका परक्या बाईंनी विचारले होते. आमची ओळख झाली ती अशी.

बाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले म्हणून संस्थेने हा गौरवग्रंथ काढला आहे. त्याच संस्थेच्या येत्या सभेत बाईंचे सापांचे हौद काढून टाकण्याचा ठराव येणार आहे. एका हाताने शाल आणि दुसऱ्या हाताने पहार. हे न लिहिता गौरव लिहायला मला जमणार नाही.

ज्यांनी हौद पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दूध शीतकरण केंद्र बंद पडल्यावर संस्थेची मागची जागा ओसाड पडली होती. निवृत्तीनंतर बाईंनी ती वापरायला मागून घेतली. कंबरेएवढ्या भिंती, आतून गुळगुळीत गिलावा, वर उंच जाळीचा मांडव. आत आपल्याच माळाची भेगाळलेली काळी माती, दगडांच्या राशी, एक जुने वारूळ, मारवेल गवत, तरवड, बोराटी. वन खात्याच्या परवानगीने तिथे फक्त असे साप राहतात ज्यांना पुन्हा रानात सोडता येत नाही. कोणाची पाठ ऊसतोडीत कोयत्याने तुटलेली, कोणी फड पेटवला तेव्हा भाजून आंधळा झालेला. बाकीचे साप त्या जिथून पकडले तिथेच आसपास सोडून येतात. हौस म्हणून त्यांनी एकही साप कधी ठेवला नाही. हाताळायला दिला नाही.

बघायला आलेले लोक जाळीशी उभे राहून वैतागतात. "बाई, साप कुठंय?"

"हाय की आत."

"दिसंना तर."

"दिसत न्हाई म्हंजे बरा हाय. त्याला लपायला जागा मिळाली. तुमाला कोनी दिवसभर उघड्यावर बसवलं तर चालंल का?"

एकदा वन खात्याने गारुड्याकडून सोडवलेला नाग आणला. दात उपटलेले, तोंड दोऱ्याने शिवलेले, जबडा आतून सडलेला. बाईंनी एक एक टाका कापला. मी दिवा धरून उभा होतो. बाईंचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "नागपंचमीला ह्याच्यापुढं दुधाची वाटी ठेवली असंल. तहानेनं जीव चाललेला, म्हणून त्यानं तोंड बुडवलं. अन् लोकांनी हात जोडले!" त्या नागाला त्यांनी नळीने भरवून जगवले. तो आजही वारुळाच्या हौदात आहे आणि क्वचितच कोणाला दिसतो.

पुढच्या दुष्काळात गावाला टँकर सुरू झाला तेव्हा संस्थेचे चेअरमन हौदापाशी येऊन सर्वांदेखत म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुमी सापाची बाग भिजवता?"

बाईंनी त्यांना आत नेले. सापांसाठी मातीच्या परळात पाणी होते, बाकी जमीन कोरडी ठणठणीत. तरवड मात्र पिवळा फुललेला. बाई म्हणाल्या, "ही झाडं ह्याच मातीतली हायेत, चेअरमनसाहेब. ती पाणी मागत न्हाईत. तुमच्या हापिसापुढचं लॉन मागतं. त्याला कुठल्या टँकरचं पाणी घालता?" लोक हसले. चेअरमन हसले नाहीत. माझ्या मते हौद काढायचे त्याच दिवशी ठरले.

बाईंच्या मायेबद्दल लिहायचे तर आईचे लिहितो. दत्ता गेल्यावर बाई भेटायला आल्या तेव्हा आई त्यांना म्हणाली, "तुमच्या सापानं माझं पोर खाल्लं. पानी न्हाई देनार मी तुमाला." बाईंनी वाद घातला नाही. त्या दारातच बसल्या, बराच वेळ, आणि उठून गेल्या. मात्र छावणी उठेपर्यंत त्या रोज संध्याकाळी तिथे जात. संस्थेच्या मागे लागून त्यांनी दिवे लावून घेतले, आणि वाढ्याला हात लावण्याआधी काठीने ढीग कसा हलवायचा हे एकेका माणसाला दाखवले. दत्तामागे आमची जनावरे तिथे आईच सांभाळत होती; ती रोज लांबून बघत होती. पुढे हौद झाले त्या पावसाळ्यात आई बांधावरचे मारवेलाचे ठोंब उपटून डोक्यावर घेऊन निघाली. कुठे, विचारले तर म्हणाली, "बाईच्या हौदात लावायला." आतल्या सापाकडे तिने पाहिले नाही. ठोंब लावले, हात धुतले आणि बाईंनी दिलेला चहा प्याली.

आता संस्थेला त्या जागेवर सर्पोद्यान करायचे आहे. फाटकावर सिमेंटचा फणा, फरशी, लॉन आणि काचेच्या पेट्या, म्हणजे तिकीट काढणाऱ्याला साप दिसलाच पाहिजे. गौरव समारंभाची बैठक झाली त्यात एका संचालकांनी सुचवले, "बाई, स्टेजवर नाग हातात धरा की. नुसता फोटोपुरता."

बाई म्हणाल्या, "असं करू. नाग तुमच्या गळ्यात घालते, शाल इकडं द्या. फोटो तुमचाच चांगला येईल."

मग कोणी तो विषय काढला नाही. पण ठराव मागे घेतलेला नाही. आंधळा साप फरशीवर, काचेत, लोक टकटक करत असताना किती जगेल, हे बाईंनी संचालकांना समजावून सांगितले. मीही तिथे होतो. ऐकताना ते मोबाइलवर उद्यानाचे चित्र बघत होते.

दत्ताचा संस्थेतला भाग त्याच्या माघारी माझ्या नावावर झाला. तेव्हापासून मी सभासद आहे. प्रत्येक सभेला मागच्या रांगेत बसलो, सगळ्यांबरोबर हात वर केला आणि घरी आलो. बोलणे हा माझा स्वभाव नाही. या सभेत मी उठून बोलणार आहे. छावणी कोणाची होती, जीप कुठे गेली आणि नंतर दिवे कोणी लावून घेतले, हे सांगणार आहे आणि ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. हा ग्रंथ वाचणाऱ्यांत बरेच जण सभासद आहेत. त्यांनीही यावे.

मुळेबाईंना भरपूर आयुष्य लाभो. त्यांची नजर स्वच्छ राहो, गुडघे साथ देवोत आणि शंभरीतही त्यांना रोज सकाळी आपल्या पायांनी हौदापर्यंत जाता येवो. एवढे मी देवाकडे मागतो. त्या तिथे पोचतील तेव्हा हौद जागेवर असावेत, हे देवाकडे मागायचे काम नाही. ते आपण करायचे आहे.