मेजाखालची टोपली

"तुझ्या भाकऱ्या सगळ्यांना फार आवडल्या हं," बाई म्हणाल्या आणि रिकामी टोपली माझ्या हातात दिली. फडकं नीट घडी घालून आत ठेवलेलं. मी खूश झाले. जिना उतरून मागच्या दारी चपला घालायला गेले. तिथं नळाजवळ एक कुत्री आणि तिची पिल्लं माझ्या भाकऱ्या खात होती. तांदळाच्या, पांढऱ्या, अख्ख्या. चवडच्या चवड उपडी केलेली. एकीचाही तुकडा माणसाच्या हातानं मोडलेला नव्हता.

मी बघत राहिले. मग चपला घातल्या आणि पोलादपूरची एसटी पकडली.

उरल्या असतील, असं वाटभर स्वतःला सांगत होते. पण उरलेली चवड आणि न शिवलेली चवड यातला फरक मला कुणी शिकवायला नको. मी पोलादपूरला हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या करते. दिवसभर तेच काम. मुंबईचे, गोव्याचे, महाबळेश्वरला जाणारे, सगळे खातात. भाकरी कुणी थापली हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, महाडात आहे. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, एका मेजावर मांडायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं. प्रभूनं शिकवलं तसं. मेजाची सगळी व्यवस्था बाईंकडे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती. उपासनेचा हॉल त्यांच्याच घराच्या माडीवर आहे. आवाज गोड. इतका गोड की आता तो कानावर आला की मी आधी त्यांचे हात बघते.

मी या लोकांत आले ती पुरामुळे. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, वरती डोंगर खचले, आमची अख्खी वाडी एका शाळेत आणून ठेवली. तिथं ही मंडळी खिचडी घेऊन आली. चिखलात मांडी घालून आमच्याबरोबर जेवली. एकच पातेलं. बाईसुद्धा होत्या, माझ्या ताटाला लागून त्यांचं ताट. जन्मात पहिल्यांदा जेवताना मला कुणी आडनाव विचारलं नव्हतं. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. बायबल मागून घेतलं. सातवी झालेय, बोट ठेवून वाचते, पण वाचते.

पाणी उतरलं तशी जात वर आली. मंडळीत जात कुणी विचारत नाही, ख्रिस्तात जात नसते ना. गाव विचारतात. गाव सांगितलं की वाडी विचारतात. वाडी सांगितली की "अच्छा" म्हणतात. त्या "अच्छा"नंतर माझी खुर्ची दारापाशी गेली. कुणी उचलून नेली नाही. दर रविवारी बाकीच्या खुर्च्या भरलेल्या असायच्या, एवढंच.

घरी सासू आणि मी. नवरा मुंबईत असतो, सणाला येतो. वाडीत सगळ्यांना संशय की मला तिकडून काहीतरी मिळतं. तांदूळ, मोबाईल, काहीतरी. सासू माझी पिशवी अजून चाचपते. वाडीला वाटतं मी काहीतरी घेऊन येते, मंडळीला वाटतं मी काहीतरी मागायला येते. मी काय घेऊन जाते ते कुणीच बघत नाही. कुत्रीचं सांगितलं तेव्हा सासू हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"हितं पन तेच, तितं पन तेच," ती म्हणाली. "मंग एवढं भाडं घालून कशाला जातस गो?"

माझ्या हातचं त्या मेजावर चालतं की नाही, हे आधी बघायचं होतं. चालत नसेल तर पुस्तकातलं बाकीचंही मला खरं मानता येणार नव्हतं.

पुढच्या प्रीतिभोजनाला मी टोपली दिली आणि नजर ठेवली. बाईंनी ती दोन्ही हातांनी, अगदी प्रेमानं घेतली आणि मेजाखाली सरकवली. मेजावरची चादर पार जमिनीपर्यंत लोंबत होती. वर पुलाव, पुऱ्या, कुणीतरी बेकरीतून आणलेला केक. माझी टोपली चादरीमागं. जेवणं झाली. टोपली रिकामी होऊन परत आली. "छान झालेल्या हं." मी मान हलवली. लाज मला वाटली, त्यांना नाही. त्याचा राग अजून आहे.

तरी मी म्हटलं, बाईंना तांदळाची भाकरी सोसत नसेल. पोट बिघडत असेल. बघा, माणूस कुठवर जातो.

मग एका दुपारी हॉटेलच्या खिडकीतून त्या मला दिसल्या. महाबळेश्वरहून घाट उतरून घरचे सगळे जेवायला थांबले होते. मी आत, तव्याच्या धगीत. मधे भिंत आणि ताटं सरकवायची खिडकी. बाईंनी कोंबडीचा रस्सा आणि भाकरी मागवली. मी थापली. त्यांनी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली. बोटं चाटली. आणखी मागवली. मी आणखी थापली. वेटर आत येऊन म्हणाला, "मावशी, भायेरच्या मॅडम बोलतात, हाताला चव हाय."

बाहेर जावंसं वाटलं. गेले नाही. मला बघायचं होतं. गरम भाकरी पाठवत राहिले आणि बघत राहिले. त्यांचं पोटबिट काही बिघडलं नाही.

त्या दिवशी संशय संपला, खात्री झाली. संशय बरा असतो. त्यात थोडी आशा असते.

शास्त्रात सांगितलंय, भावानं अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग. मी तसंच केलं. उपासनेनंतर बाईंना जिन्यात गाठलं आणि विचारलं, "बाई, माझ्या भाकऱ्या मेजावर का नसतात?"

त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "अगं, हा तुझा संशय आहे. सैतान संशयातूनच शिरतो. प्रार्थना कर. मनापासून क्षमा करून टाक."

काही घडलंच नसेल तर क्षमा कशाची करायची? हे मला एसटीत बसल्यावर सुचलं. माझं नेहमी असंच होतं.

मग मंडळीच्या पाळकसाहेबांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे गेले. माणूस भला, पण हॉल बाईंचा. ते म्हणाले, बाईंनी या मंडळीसाठी खूप केलंय, आपण सहन करावं, दुसरा गाल पुढं करावा. गाल दर वेळी माझाच. बाईंच्या गालाचं कुठं काही लिहिलंय का, ते त्यांनी सांगितलं नाही.

हॉटेलात दुपारची गर्दी ओसरली की मी वाचत बसते. असंच वाचताना पौलाच्या एका पत्रात मला ते सापडलं. पेत्र, प्रभूचा एवढा मोठा शिष्य, परक्या लोकांबरोबर एका पंगतीला जेवायचा. मग त्याच्या स्वतःच्या समाजाची माणसं आली आणि तो पंगतीतून मागं सरला. ते काय म्हणतील या भीतीनं. पौलानं त्याला प्रार्थना कर असं सांगितलं नाही. सगळ्यांसमोर, तोंडावर विचारलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पिठाची बोटं पानाला लागली. म्हणजे हे दुखणं जुनं आहे. त्याचं काय करायचं तेही लिहून ठेवलंय. आमच्या हॉलमध्ये ते पान कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

हंगामाचा सण आला. भात झोडून झालं की नव्या पिकातलं पहिलं मंडळीत आणून अर्पण करतात, मग प्रीतिभोजन. मी नव्या तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सासूनं विचारलं, "कुत्र्यांना घालायला?"

"नाय," मी म्हटलं. "या येळेला मेजावर."

हॉलमध्ये बाईंनी टोपलीसाठी हात पुढं केले. मी दिली नाही. चालत गेले, पुलावाचं पातेलं बाजूला सारलं, टोपली मेजाच्या मधोमध ठेवली आणि फडक्याची गाठ सोडली.

"बाई," मी म्हटलं, "पोलादपूरला हॉटेलात तुम्ही भाकरी खाल्लीत. हाताला चव आहे म्हणालात. तो हात हा. आता हितं खा."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. पाळकसाहेब घाईनं पुढं आले. "बहिणी, आज सणाचा दिवस आहे."

"म्हणून तर आज."

बाईंनी पुढं केलेले हात मागं घेतले आणि पदराला पुसले. टोपलीला त्यांचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. तरी पुसले. ते सगळ्या हॉलनं पाहिलं.

भाकरी कुणी उचलली नाही. मला बाहेरही कुणी काढलं नाही. मी दारापाशी गेले, माझी खुर्ची उचलून मेजाशी आणली, बसले आणि एक भाकरी मोडून खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

तेव्हापासून मंडळीतून फोन येतात, गोड आवाजात. मनावर घेऊ नकोस म्हणतात. तुझ्याच लोकांत एक नवीन मंडळी सुरू होतेय, तिकडं जवळ पडेल म्हणतात. माझ्याच लोकांत. कळतं मला. वाडीतले म्हणतात, झालं ना समाधान, आता परत ये. वाडीखालच्या गावात माझ्यासाठी कुठली पायरी राखून ठेवलीय, तेही मला लहानपणापासून माहीत आहे.

मी कुठंही जाणार नाही. कुणी क्षमा मागायला आलं तर करीन, प्रभूची आज्ञा आहे. अजून कुणी आलेलं नाही. तोवर दर प्रीतिभोजनाला भाकऱ्या नेईन, मधोमध ठेवीन, आणि कुणाचा हात पुढं येतो, कुणाचा मागं जातो, ते बघत बसेन. संशय घेणं पाप असेल तर त्याचा जाब मी प्रभूला देईन, बाईंना नाही. हॉल बाईंचा असेल. मेज प्रभूचं आहे. माझी खुर्ची आता तिथं आहे, आणि मी उठणार नाही.