तिच्या थडग्यातली तलवार

आमच्या पुरातत्त्वाच्या डिपार्टमेंटात खापरांपेक्षा किस्से जास्त निघतात. खापरांवर निदान लेबल लावून ती पेटीत तरी बंद करता येतात!

माझा एम.ए.चा विषय म्हणजे युरोपातल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत शस्त्रांसह पुरलेल्या बायका. पहिल्या सेमिनारला मी स्लाइड दाखवली. सर म्हणाले, "तलवार नवऱ्याची असेल."

दुसरी स्लाइड. "ही वडिलांची."

तिसरी. "ही प्रतीकात्मक!"

चौथ्या थडग्यात पुरुष होता, उशाशी कंगवा. मी थांबून सरांकडे पाहिलं. "थांबलीस का? कंगवा त्याचाच!"

*

घरी, लालबागला, आत्याला फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं. "तलवार आसा, ता ठीक. पण तिचा लगीन झालेला काय गो?"

*

गेल्या वर्षीच्या उत्खननात मुलं खड्ड्यात आणि आम्ही मुली सावलीत खापरं धुवायला. का? "मुलींचा हात हलका असतो."

चौथ्या दिवशी खड्ड्यात हाडं लागली. आता ब्रशनं माती काढायची, म्हणजे खरंच हलका हात हवा. सरांनी हाक मारली, "स्वप्नील!"

*

हा स्वप्नील माझ्याच वर्गातला. मी पहिल्या दिवसापासून मागत होते, एक खड्डा मला सांभाळायला द्या. स्वतःचा ट्रॉवेलही घेतला होता. माती खरवडायची ती छोटी थापी, आमचं शस्त्र म्हणा. सरांना तो माझ्या बॅगेजवळ दिसला.

"स्वप्नीलचा ट्रॉवेल इथं कसा?" म्हणाले आणि त्याला देऊन आले. त्यानंही घेतला!

*

यंदा म्हटलं, भानगडच नको. लालबागच्या भांड्यांच्या दुकानात गेले. तिथं काका मशीनवर नावं घालून देतात. नव्या ट्रॉवेलच्या पात्यावर माझं पूर्ण नाव घालायला सांगितलं.

"कुणाकडून टाकू?"

"कुणाकडून नाही. मीच घेतलाय."

"लग्नाचा आहेर नाही?"

"नाही."

"मग नाव कशाला, ताई?"

पण घातलं. सुबक.

*

परवा सरांनी यंदाच्या उत्खननाची यादी वाचली. पहिला खड्डा, स्वप्नील. दुसरा खड्डा, स्वप्नीलचा रूममेट. खापरं, मी.

मी उठले आणि ट्रॉवेल सरांच्या टेबलावर ठेवला. नाव वर.

सरांनी तो उचलला, नाव वाचलं. मग उलटा करून मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

"छान आहे गं! पण कुणी दिला, ते घालायचं राहिलं."